ऐकून घेण्याचा अभ्यास

प्रस्तावना

शिवणकाम, सुतारकाम, वाहन चालवणे ही कौशल्ये शिकावी लागतात, हे आपण सहज मान्य करतो. परंतु सहकाऱ्याशी बोलणे, वरिष्ठांपुढे अडचण मांडणे किंवा दुसऱ्याचे म्हणणे ऐकून घेणे यांचाही अभ्यास करावा लागतो, असे कोणी सांगितले तर आपल्याला नवल वाटते. 'बोलण्यात शिकायचे काय? ते तर लहानपणापासून येते,' असे आपण म्हणतो. तरीही कामाच्या ठिकाणी एखाद्या शब्दावरून मने दुखावतात, चांगली माणसे काम सोडून जातात आणि साधी अडचण महिनोन्‌महिने तशीच राहते.

परस्परसंबंध आणि कामाच्या ठिकाणचे मानसशास्त्र या विषयावर विद्यापीठांतून छोटे अभ्यासक्रम चालवले जातात. अशा अभ्यासक्रमात काय शिकायला मिळते, ते कसे शिकावे आणि त्याचा उपयोग कोठपर्यंत होतो, यांचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे. हा एक वैचारिक लेख आहे. तो वाचताना आपल्या स्वतःच्या कामाच्या जागेतील प्रसंग डोळ्यांपुढे ठेवा.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही:
• पाहिलेली गोष्ट आणि तिच्यावरून बनवलेले मत यांतील फरक सांगू शकाल;
• लक्षपूर्वक ऐकून घेण्याची पद्धत उदाहरणासह स्पष्ट करू शकाल;
• गैरसमज, कामाची सदोष रचना आणि अन्याय हे वेगवेगळे ओळखू शकाल;
• नोकरी सांभाळून छोट्या अभ्यासक्रमाचा अभ्यास कसा करावा, हे सांगू शकाल;
• 'आपण' आणि 'आम्ही' या सर्वनामांचा योग्य वापर करू शकाल.

मूळ पाठ

१. छोटा अभ्यासक्रम

ज्यांना रोज महाविद्यालयात जाणे शक्य नाही, त्यांच्यासाठी आपल्या देशात मुक्त विद्यापीठांची सोय झाली. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ साली स्थापन झाले. नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना १९८९ साली झाली. २०१७ मध्ये केंद्र सरकारने 'स्वयम्' हा ऑनलाइन शिक्षणाचा मंच सुरू केला. त्यामुळे कारखान्यातील कामगार, दुकानातील विक्रेती, कार्यालयातील कारकून अशा अनेकांना काम न सोडता विद्यापीठाच्या पातळीवरील एखादा विषय शिकण्याचा मार्ग मिळाला.

अशा अभ्यासक्रमाचा आकार श्रेयांकांत मोजतात. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या पद्धतीत १ श्रेयांक म्हणजे सुमारे ३० तासांचा अभ्यास. म्हणजे ४ श्रेयांकांच्या अभ्यासक्रमाला १२० तास लागतात. रोज एक तास दिला, तर हा अभ्यास चार महिन्यांत पुरा होतो. त्या तासात केवळ वाचन धरलेले नसते. टिपणे काढणे, व्याख्याने ऐकणे आणि स्वाध्याय लिहिणे यांचाही त्यात समावेश असतो.

परस्परसंबंधांच्या अभ्यासक्रमात सामान्यतः पुढील विषय येतात: आपण दुसऱ्याविषयी मत कसे बनवतो, कसे ऐकतो, आपले म्हणणे कसे मांडतो, मतभेद कसे हाताळतो आणि गटात कसे वागतो. नावे सोपी आहेत. म्हणूनच पहिल्या आठवड्यात पुष्कळांना वाटते की, हे सारे आपल्याला ठाऊकच आहे. खरी अडचण पुढे येते. जे ठाऊक आहे, ते राग आलेला असताना आठवत नाही.

२. डोळ्यांनी पाहिले, मनाने ठरवले

एका रुग्णालयाची कल्पना करा. सकाळची पाळी सात वाजता सुरू होते. कक्षाची स्वच्छता आणि रुग्णांची मदत करणाऱ्या मावशी साडेसातनंतर येतात. या आठवड्यातील हा तिसरा प्रसंग आहे. प्रभारी परिचारिका सर्वांदेखत म्हणते, "मावशी, आज पुन्हा उशीर! तुम्हाला कामाची काळजीच नाही." मावशी खाली मान घालून झाडू उचलतात. दिवसभर त्या कोणाशीही बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशीही त्या साडेसातनंतरच येतात.

परिचारिकेच्या त्या एका बोलण्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. मावशी साडेसातनंतर आल्या, ही घड्याळात पाहता येणारी गोष्ट आहे. 'त्यांना कामाची काळजी नाही,' हे मात्र कोठे पाहता येत नाही. ते परिचारिकेच्या मनाने काढलेले अनुमान आहे. ते खरेही असेल, खोटेही असेल. पण बोलताना तिने ते वस्तुस्थितीसारखे मांडले.

माणूस असे अनुमान एका विशिष्ट दिशेने काढतो, असे मानसशास्त्रज्ञांना आढळले आहे. दुसऱ्याच्या वागण्याचे कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो आणि त्याच्या परिस्थितीकडे आपले दुर्लक्ष होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ साली या प्रवृत्तीला एक नाव दिले. मराठीत आपण तिला 'कारणारोपणातील मूलभूत दोष' म्हणू. आपल्या स्वतःच्या बाबतीत मात्र आपल्याला परिस्थिती लगेच दिसते. मला उशीर झाला तर रस्त्यात गर्दी होती. दुसऱ्याला उशीर झाला तर तो आळशी आहे!

या दोषावर अभ्यासक्रम एक साधा उपाय शिकवतो. बोलण्यापूर्वी मनाशी दोन वाक्ये करायची. 'मी काय पाहिले?' हे पहिले आणि 'मी काय मानले?' हे दुसरे. पहिल्या वाक्यात फक्त दिवस, वेळ, कृती आणि ऐकू आलेले शब्द यावेत. दुसऱ्या वाक्यापुढे प्रश्नचिन्ह घालावे. एवढ्याने राग नाहीसा होत नाही. पण बोलण्याचा पहिला शब्द बदलतो.

पाठगत प्रश्न १
(अ) ४ श्रेयांकांच्या अभ्यासक्रमाला सुमारे किती तास लागतात?
(आ) परिचारिकेच्या बोलण्यातील वस्तुस्थिती कोणती आणि अनुमान कोणते?

३. ऐकणे आणि ऐकून घेणे

मराठीत 'ऐकणे' या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. 'मी गाणे ऐकतो' यात कानाचे काम आहे. 'तो माझे ऐकत नाही' यात आज्ञापालनाचा अर्थ आहे. घरी असो वा कामावर, वडीलधारी माणसे 'ऐक' म्हणतात, तेव्हा बहुधा 'मी सांगतो तसे कर' असेच त्यांना म्हणायचे असते. त्यामुळे ऐकण्याचे काम धाकट्याचे आणि सांगण्याचे काम मोठ्याचे, अशी आपली समजूत होऊन बसते. 'ऐकून घेणे' हा शब्दप्रयोग वेगळा आहे. त्यात दुसऱ्याचे म्हणणे आपल्यापाशी घेण्याची, त्याला जागा देण्याची क्रिया आहे. ती वरिष्ठानेही करायची असते.

कारखान्याच्या इतिहासात याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. अमेरिकेतील शिकागो शहराजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न कारखाना होता. तेथे १९२४ पासून कामगारांच्या उत्पादनाविषयी प्रयोग सुरू झाले. पुढे हार्वर्ड विद्यापीठातील एल्टन मेयो आणि त्यांचे सहकारी या कामाशी जोडले गेले. १९२८ साली कारखान्याने कामगारांच्या मुलाखती घेण्यास आरंभ केला. दोन-तीन वर्षांत मुलाखतींची संख्या वीस हजारांच्या पुढे गेली.

प्रारंभी मुलाखतकार ठरावीक प्रश्न विचारत. पण कामगार प्रश्न बाजूला ठेवून त्यांच्या मनात जे असेल तेच बोलू लागत. तेव्हा पद्धत बदलण्यात आली. मुलाखतकाराने वाद घालू नये, उपदेश करू नये, मध्ये तोडू नये. कामगाराला ज्या विषयावर बोलायचे असेल, त्यावर बोलू द्यावे, असे ठरले. जी मुलाखत सुमारे अर्ध्या तासात संपत असे, ती त्यानंतर एक ते दीड तास चालू लागली. माणसांजवळ सांगण्यासारखे पुष्कळ होते. विचारणाऱ्याचे प्रश्न मात्र आखूड होते.

या पद्धतीला पुढे अधिक नेमके रूप मिळाले. कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन यांनी १९५७ साली 'सक्रिय श्रवण' या विषयावर एक छोटी पुस्तिका लिहिली. सक्रिय श्रवणात ऐकणारा स्वस्थ बसून राहत नाही. तो समोरच्याच्या बोलण्याचा आशय आणि त्यामागची भावना या दोन्ही गोष्टी समजून घेतो. आपल्याला काय समजले, ते स्वतःच्या शब्दांत परत सांगतो आणि 'मी बरोबर समजलो का?' असे विचारतो. समोरच्याने 'हो, हेच म्हणायचे होते' असे म्हटले, की मगच आपले मत मांडायचे.

समजणे आणि संमती देणे या दोन गोष्टी एक नाहीत, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. एखाद्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घेऊनही आपण 'हे मला मान्य नाही' असे म्हणू शकतो. किंबहुना असे ऐकून घेतल्यानंतर दिलेला नकार समोरच्याला कमी बोचतो.

४. आपले म्हणणे मांडणे

आता रुग्णालयातील तोच प्रसंग पुन्हा पाहू. परिचारिकेने या वेळी मावशींना बाजूला, औषधांच्या खोलीत बोलावले आहे.

परिचारिका: मावशी, या आठवड्यात तीन दिवस तुम्ही साडेसातनंतर आलात. तोपर्यंत रात्रपाळीच्या मावशींना थांबावे लागते. मलाही एकटीने सगळे बघताना फार ओढ होते. काही अडचण आहे का?

मावशी: काय सांगू सिस्टर! आमच्या गावची पहिली एस.टी. सहाला सुटायची. ती आता साडेसहाला सुटते. दुसरी गाडीच नाही.

परिचारिका: म्हणजे घरून वेळेवर निघूनही तुम्ही सातला पोहोचू शकत नाही. असेच ना?

मावशी: हो सिस्टर. आणि सांगायला गेले तर कामावरून काढतील, म्हणून बोलले नाही.

परिचारिकेने काय केले, ते पाहा. तिने चारचौघांत विषय काढला नाही. आधी घडलेली गोष्ट दिवसांसह सांगितली. नंतर तिचा इतरांवर आणि स्वतःवर झालेला परिणाम सांगितला. शेवटी प्रश्न विचारला आणि उत्तर मिळाल्यावर ते आपल्या शब्दांत परत मांडले. 'तुम्ही अशा आहात' या जागी 'माझी अशी अडचण होते' हे वाक्य आले. उशीर चालेल, असेही तिने म्हटले नाही.

हेच शब्द सर्वत्र चालतील असे मात्र नाही. आपल्या समाजात वय, हुद्दा आणि नाते यांना महत्त्व आहे. वयाने मोठ्या असलेल्या कनिष्ठ कर्मचाऱ्याला 'अरे-तुरे' केल्याने त्याचा अपमान होतो. वरिष्ठाला त्याची चूक भर बैठकीत दाखवली, तर मुद्दा बरोबर असूनही बाजूला पडतो. पुस्तकातील पद्धत जशीच्या तशी न वापरता ती आपल्या भाषेच्या आणि रीतिरिवाजांच्या मापाने बेतून घ्यावी लागते.

पाठगत प्रश्न २
(अ) 'ऐकणे' या क्रियापदाचे कोणते दोन अर्थ पाठात दिले आहेत?
(आ) सक्रिय श्रवणात ऐकणाऱ्याने आपले मत केव्हा मांडावे?
(इ) दुसऱ्या संभाषणात परिचारिकेने बोलण्यासाठी कोणती जागा निवडली? ती योग्य का आहे?

५. गैरसमज, रचना आणि अन्याय

मावशींची अडचण कळली. पण कळल्याने एस.टी. लवकर सुटणार नाही. येथून पुढचा विचार हा या अभ्यासाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. कामाच्या ठिकाणी उद्भवणाऱ्या तक्रारी तीन प्रकारच्या असू शकतात आणि प्रत्येक प्रकाराचा उपाय वेगळा असतो.

पहिला प्रकार गैरसमजाचा. 'मावशींना काळजी नाही' हा गैरसमज होता. तो ऐकून घेतल्याने दूर झाला.

दुसरा प्रकार कामाच्या सदोष रचनेचा. पाळीची वेळ आणि गाडीची वेळ जुळत नाही, हा कोणाच्या स्वभावाचा दोष नाही. येथे पाळी बदलून द्यावी लागेल किंवा कामाची वाटणी वेगळी करावी लागेल. अहमदाबादच्या कॅलिको गिरणीतील एक प्रयोग या संदर्भात जगभर अभ्यासला जातो. त्या गिरणीत स्वयंचलित माग बसवले गेले, तरी अपेक्षेप्रमाणे उत्पादन वाढेना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतील ए. के. राइस यांनी १९५३ साली तेथील कामाची पाहणी केली. एकाच मागाशी अनेक कामगारांचा संबंध येत होता. पण प्रत्येकाकडे कामाचा एक तुकडा होता आणि कोणाकडे किती माग, हेही निरनिराळे होते. त्यामुळे एका मागाची संपूर्ण जबाबदारी कोणत्याही एका गटाकडे नव्हती. राइस यांनी छोट्या गटांची कल्पना मांडली. ठरावीक मागांची सर्व जबाबदारी एका गटाने घ्यायची, अशी ती योजना होती. कामगारांनी ती उचलून धरली आणि गट बनवण्यात स्वतः पुढाकार घेतला. उत्पादन वाढले आणि खराब होणाऱ्या कापडाचे प्रमाण घटले. कामगार तेच होते आणि मागही तेच होते. बदलली होती ती कामाची रचना.

तिसरा प्रकार अन्यायाचा. समजा, मावशी ठेकेदाराकडून नेमलेल्या आहेत आणि अर्धा तास उशीर झाला की तो संपूर्ण दिवसाचे पैसे कापतो. हा प्रश्न गोड बोलण्याचा नाही आणि सहनशीलतेचाही नाही. येथे तारखा, कापलेली रक्कम आणि साक्षीदार यांची नोंद करावी लागते. लेखी मागणी करावी लागते. कामगार संघटना किंवा संबंधित सरकारी कार्यालय यांच्याकडे दाद मागावी लागते.

कामाच्या ठिकाणी होणारा स्त्रियांचा लैंगिक छळ याच प्रकारात मोडतो. त्याविरुद्ध आपल्या देशात २०१३ साली स्वतंत्र कायदा झाला. त्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. जेथे कर्मचारी दहापेक्षा कमी आहेत, तेथील स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार सामान्यतः घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी करावयाची असते. अशा प्रसंगी पीडित स्त्रीला 'जरा समजुतीने घे' असे सांगणे म्हणजे परस्परसंबंधांच्या ज्ञानाचा दुरुपयोग होय.

हॉथॉर्नच्या अभ्यासावर पुढे जी टीका झाली, तिचा रोख याच गोष्टीवर होता. कामगारांच्या तक्रारींत वेतनाचे आणि कामाच्या परिस्थितीचे प्रश्न होते. त्यांच्याकडे मेयो यांनी मनाच्या अस्वस्थतेचे लक्षण म्हणून पाहिले, असे टीकाकारांनी म्हटले. ज्या प्रसिद्ध प्रयोगात पाच कामगार स्त्रियांचे उत्पादन वाढत गेले, त्यातही विश्रांतीच्या वेळा आणि वेतनाची पद्धत बदलली होती. पाचांपैकी दोघींना १९२८ च्या जानेवारीत बदलून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणल्या होत्या. तेव्हा केवळ आपुलकीने उत्पादन वाढले, असा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरते. ऐकून घेणे मोलाचे आहे; परंतु ऐकून काहीच न करणे ही दुसऱ्याची केलेली फसवणूक असते.

म्हणून या विषयाच्या अभ्यासकाने प्रत्येक प्रसंगी स्वतःला विचारावे: येथे समजून घ्यायचे आहे, काही बदलायचे आहे, की दाद मागायची आहे? हा प्रश्न विचारता येणे, हेच या शिक्षणाचे खरे फळ आहे.

६. अभ्यास कसा करावा?

पोहण्याचे पुस्तक वाचून पोहता येत नाही. परस्परसंबंधांचेही तसेच आहे. तरी वाचन वाया जाऊ नये, म्हणून ते योग्य रीतीने करावे. अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. इतरांनी तो वाचून, मिटून, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून प्रत्येक घटक वाचून झाल्यावर पुस्तक मिटावे आणि त्यातील मुद्दे आपल्या शब्दांत लिहावेत.

दुसरे साधन म्हणजे नोंदवही. रोज रात्री दिवसभरातील एक संभाषण चार ओळींत लिहावे: मी काय पाहिले, काय मानले, काय म्हणालो, पुढे काय झाले. सहकाऱ्यांची नावे लिहू नयेत. वही दुसऱ्याच्या हाती पडू शकते आणि आपला अभ्यास कोणाच्या बदनामीचे कारण होता कामा नये.

तिसरे, एका आठवड्यात एकच कौशल्य हाती घ्यावे. पहिल्या आठवड्यात मध्ये न तोडता ऐकावे. दुसऱ्या आठवड्यात ऐकलेले परत सांगून पाहावे. आरंभी हे कृत्रिम वाटते. सहकारी हसतीलही. नवी चप्पल काही दिवस चावते, तसाच हा काळ असतो.

आणखी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. चार महिन्यांच्या अभ्यासाने कोणी मानसोपचारतज्ज्ञ होत नाही. 'तुला न्यूनगंड आहे,' 'तो मनोरुग्ण आहे,' असे शिक्के मारण्याचा अधिकार हे प्रमाणपत्र देत नाही. कोणी फार खचलेले दिसले, तर त्याचे ऐकून घ्यावे आणि त्याला तज्ज्ञाकडे जाण्यास मदत करावी.

पाठगत प्रश्न ३
(अ) तक्रारींचे तीन प्रकार कोणते?
(आ) कॅलिको गिरणीत कोणत्या बदलामुळे उत्पादन वाढले?
(इ) एक घटक वाचून झाल्यावर अभ्यासकाने काय करावे?

शब्दार्थ

श्रेयांक – अभ्यासक्रमाचा आकार मोजण्याचे एकक
अनुमान – पाहिलेल्या गोष्टीवरून काढलेला तर्क
कारणारोपण – एखाद्या वागण्याला कारण चिकटवणे
सक्रिय श्रवण – समजून घेऊन, खात्री करून घेत ऐकणे
सदोष – दोष असलेली
दाद मागणे – न्याय मिळावा म्हणून मागणी करणे
न्यूनगंड – आपण इतरांपेक्षा कमी आहोत, अशी मनात बसलेली भावना

भाषाभ्यास

(१) 'आपण' या सर्वनामाचे पुढील तीन उपयोग पाहा.
• आपण उद्या बसून ठरवू. (बोलणारा आणि ऐकणारा दोघेही)
• आपण येथे बसावे. (ऐकणाऱ्याला आदराने)
• तो म्हणाला, की आपण येणार नाही. (तो स्वतः)

'आम्ही' या सर्वनामात ऐकणारा येत नाही. 'पाळ्या आम्ही ठरवल्या आहेत' आणि 'पाळ्या आपण ठरवू' या दोन वाक्यांत काळाचा फरक आहेच. पण ऐकणाऱ्याला निर्णयात स्थान आहे की नाही, हा फरक त्याहून मोठा आहे.

(२) पुढील मतदर्शक वाक्यांचे वर्णनपर वाक्यांत केलेले रूपांतर पाहा.
• तो उद्धट आहे. – मी बोलत असताना तो उठून गेला.
• ती कामचुकार आहे. – सोमवारचा हिशेब तिने गुरुवारी दिला.

तुम्ही काय शिकलात?

• पाहिलेली गोष्ट आणि मनाने काढलेले अनुमान वेगळे ठेवावे.
• दुसऱ्याच्या वागण्यामागील परिस्थिती आपल्या नजरेतून सहज निसटते.
• समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत परत सांगून खात्री करून घ्यावी. त्यानंतर मत मांडावे.
• गैरसमज ऐकून घेतल्याने मिटतो. सदोष रचना बदलावी लागते. अन्यायाविरुद्ध दाद मागावी लागते.
• आठवून लिहिणे, नोंदवही आणि सराव यांमुळे अभ्यास अंगी बाणतो.

स्वाध्याय

१. 'समजणे आणि संमती देणे या दोन गोष्टी एक नाहीत,' हे विधान स्वतःच्या अनुभवातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.
२. हॉथॉर्न कारखान्यातील मुलाखतींची पद्धत का बदलावी लागली? या अभ्यासावर कोणती टीका झाली?
३. पुढील वाक्यांचे वर्णनपर वाक्यांत रूपांतर करा: (अ) साहेब पक्षपाती आहेत. (आ) तिला जबाबदारीची जाणीव नाही.
४. एखादा दुकानमालक नोकराला सुट्टी नाकारतो. ही तक्रार गैरसमजाची, रचनेची की अन्यायाची, हे ठरवण्यासाठी तुम्ही कोणती माहिती गोळा कराल?
५. तुमच्या कामाच्या ठिकाणी किंवा घरी अलीकडे झालेला एखादा मतभेद आठवा. दोन्ही बाजूंचे म्हणणे दोघांनाही मान्य होईल अशा शब्दांत, दहा ओळींत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) सुमारे १२० तास. (आ) मावशी पुन्हा उशिरा आल्या, ही वस्तुस्थिती; त्यांना कामाची काळजी नाही, हे अनुमान.
२. (अ) कानांनी ऐकणे आणि सांगितल्याप्रमाणे वागणे. (आ) आपल्याला समजलेला आशय बरोबर आहे, असे समोरच्याने मान्य केल्यावर. (इ) औषधांची खोली. तेथे इतर कोणी नसल्याने मावशींचा अपमान होत नाही आणि त्या मोकळेपणाने बोलू शकतात.
३. (अ) गैरसमज, कामाची सदोष रचना आणि अन्याय. (आ) ठरावीक मागांची संपूर्ण जबाबदारी छोट्या गटांकडे दिल्यामुळे. (इ) पुस्तक मिटून त्यातील मुद्दे आपल्या शब्दांत लिहावेत.